कीडनाशके आणि मातीतील सूक्ष्मजीव: शेतातल्या व बांधापलीकडच्या जमिनीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘कीडनाशके’ हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. कीटकनाशके, बुरशीनाशके, तणनाशके आणि लागवडीपूर्वी जमिनीत सोडली जाणारी धूमकारी रसायने हे सगळे त्यात येते. बोलताना आपण या सगळ्यांना सरसकट ‘औषध’ म्हणतो आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो, कारण त्यांतल्या प्रत्येकाचे मातीतले वागणे निराळे असते.

मातीतले सूक्ष्मजीव म्हणजे कोण आणि ते शेतीसाठी काय करतात?

जिवाणू, ॲक्टिनोमायसिटीज (बुरशीसारखे धागे करणारे जिवाणू), बुरशी, शैवाल आणि आदिजीव. सुपीक जमिनीतल्या एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, मातीत कोट्यवधी ते अब्जावधी जिवाणू असतात. तरीही मातीतल्या एकूण सेंद्रिय कर्बापैकी या जीवांच्या शरीरातला कर्ब साधारणपणे १ ते ४ टक्केच भरतो. पाचट कुजवणे, हवेतला नत्र पकडणे, मातीला घट्ट धरून बसलेला स्फुरद मोकळा करणे आणि मातीचे कण एकत्र बांधून तिला रवाळपणा देणे ही कामे त्यांचीच आहेत.

कीडनाशक जमिनीवर पडले की सूक्ष्मजीव मरतातच का?

नेहमी मरतात असे नाही. रसायन कशावर घाव घालते, यावर ते ठरते. बहुतेक कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि जिवाणूला मज्जासंस्थाच नसते, त्यामुळे शिफारशीच्या मात्रेत त्यांचा जिवाणूंवर होणारा थेट परिणाम बहुधा सौम्य आणि तात्पुरता असतो. बुरशीनाशकांचे तसे नाही. पानावरच्या बुरशीला मारणारे रसायन मातीतली उपकारक बुरशी ओळखून तिला वगळत नाही. मेथाम सोडियमसारखी धूमकारी रसायने तर जवळजवळ सगळ्यांवरच नांगर फिरवतात. त्यांचा उद्देशच तो असतो.

येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. बाटलीत केवळ मुख्य घटक नसतो, तर द्रावके, तेले आणि पानावर पसरण्यास मदत करणारे पदार्थही असतात, आणि काही उत्पादनांत त्यांचा सूक्ष्मजीवांना होणारा त्रास मुख्य घटकापेक्षा जास्त असू शकतो.

काही प्रयोगांत वीस वर्षे फवारूनही सूक्ष्मजीव कमी झाले नाहीत, असे वाचनात येते. मग चिंता कशाची?

हा प्रयोग खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात १९७४ पासून सुमारे २० वर्षे सातूच्या शेतात बेनोमिल, क्लोरफेनविनफॉस, ऑल्डिकार्ब, ट्रायडिमेफॉन आणि ग्लायफोसेट ही पाच रसायने स्वतंत्रपणे व एकत्रितपणे दरवर्षी वापरण्यात आली. शेवटी मोजल्यावर सूक्ष्मजीवांच्या एकूण वस्तुमानात आणि सेंद्रिय पदार्थ कुजण्याच्या वेगात फारसा फरक आढळला नाही.

परंतु एकूण वस्तुमान हे गावाच्या एकूण लोकसंख्येसारखे असते. गावातले सुतार, लोहार आणि सुईणी निघून गेल्या आणि तेवढीच माणसे बाहेरून येऊन राहिली, तर जनगणनेच्या आकड्यात काहीच बदल दिसणार नाही. मातीतही असेच घडते: रसायनाला नाजूक असलेले जीव मरतात, त्यांची मृत शरीरे उरलेल्यांचे खाद्य होतात, आणि थोड्याच दिवसांत एकूण संख्या पूर्ववत होते, कधी कधी तर ती वाढतेसुद्धा. कोण गेले आणि कोण आले, हे पाहण्यासाठी निराळी तपासणी लागते.

नियामक चाचण्यांचीही मर्यादा हीच आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणित चाचणीत रसायन मिसळलेल्या आणि न मिसळलेल्या मातीत नत्राचे रूपांतर किती होते, हे २८ दिवसांनी तपासतात. फरक २५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर दीर्घकालीन परिणाम नाही असे धरले जाते, आणि जास्त असेल तर चाचणी कमाल १०० दिवसांपर्यंत वाढवतात. एका वेळी एकाच उत्पादनाची ही परीक्षा असते. द्राक्षबागेत मात्र एका हंगामात अनेक उत्पादने एकामागून एक, कधी एकाच टाकीत मिसळून, मारली जातात.

सूक्ष्मजीवांच्या कोणत्या कामाला सर्वांत आधी धक्का बसतो?

जे काम मोजक्यांनाच जमते, त्याला. काडीकचरा कुजवणाऱ्या जाती असंख्य आहेत. त्यांतल्या काही गेल्या तरी काम चालू राहते. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीव मात्र थोडे आहेत, हळू वाढतात, आणि म्हणून धूमकारी रसायन वापरलेल्या जमिनीत अमोनिया काही आठवडे तसाच साचून राहतो.

कडधान्यांच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम आणि मुळांत शिरून स्फुरद पुरवणारी मायकोरायझा बुरशी हेही असेच नाजूक जोडीदार आहेत. मायकोरायझाविना पीक कसे वाढते हे पाहायचे असेल, तेव्हा संशोधक प्रयोगाच्या वाफ्यात अनेकदा बेनोमिल हे बुरशीनाशक ओततात. जे रसायन ही बुरशी दडपण्याचे साधन म्हणून प्रयोगशाळेने निवडले, त्याच गटातले कार्बेन्डाझिम आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले आहे, याची नोंद घ्यावी.

सोयाबीन किंवा हरभऱ्याच्या बियाण्याला बुरशीनाशक लावून रायझोबियमही लावता येते का?

येते, पण क्रम सांभाळावा: आधी बुरशीनाशक, मग आवश्यकता असल्यास कीटकनाशक आणि शेवटी, अगदी पेरणीच्या तोंडावर, जिवाणू संवर्धक. रासायनिक प्रक्रिया केलेले बियाणे सावलीत पूर्ण सुकू द्यावे, त्यानंतर प्रति १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे आणि ते उन्हात ठेवू नये. सगळे एकाच घमेल्यात एकदम कालवण्याची घाई अनेक ठिकाणी होते, आणि मग ‘जिवाणूचा काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो.

उपयोग झाला की नाही, हे पाहणे अवघड नाही. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, वाफसा असताना, एक रोप ओढून न काढता खुरप्याने भोवतालच्या मातीसह अलगद उचलावे, मूळ पाण्यात धुवावे आणि एखादी गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी-तांबूस निघाली तर नत्र पकडण्याचे काम चालू आहे. पांढरी, हिरवट किंवा पोकळ निघाली तर तिथे राहणारा पाहुणा काम करत नाही असे समजावे.

ग्लायफोसेटविषयी इतकी उलटसुलट माहिती का मिळते?

कारण दोन्ही बाजूंना थोडे थोडे तथ्य आहे. १९७४ पासून बाजारात असलेले हे तणनाशक ईपीएसपीएस नावाचे विकर (एन्झाइम) बंद पाडते. ते ज्या शिकिमेट मार्गात, म्हणजे काही अमिनो आम्ले बनवणाऱ्या पेशीतल्या साखळीत, असते, तो मार्ग माणसात व प्राण्यांत नाही, म्हणून प्राण्यांना निर्धोक असा त्याचा प्रचार झाला. पण तोच मार्ग वनस्पतींबरोबर जिवाणूंत आणि बुरशींतही असतो. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा ब्रॅडीरायझोबियम त्याला बळी पडू शकतो. काही जिवाणूंचे विकर मात्र मुळातच त्याला दाद न देणाऱ्या प्रकारचे असते, आणि काही जिवाणू तर ग्लायफोसेटचे विघटन करून त्यातला स्फुरद वापरतात.

शिवाय हे रसायन मातीतल्या लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना, तसेच चिकणमातीला, घट्ट चिकटते. कोकणातल्या तांबड्या जांभ्या मातीत ते पटकन अडकून पडते. अडकलेले ग्लायफोसेट सूक्ष्मजीवांना बाधत नाही, पण लवकर कुजतही नाही. जमिनीत पुढे स्फुरदयुक्त खत पडले तर तेच स्फुरद त्या जागा पटकावते आणि अडकलेल्या ग्लायफोसेटचा काही भाग पुन्हा मोकळा होऊ शकतो. म्हणून एकाच रसायनाचा अर्धायुष्याचा, म्हणजे त्याची मात्रा निम्मी व्हायला लागणाऱ्या काळाचा, आकडा कुठे काही दिवसांचा, तर कुठे कित्येक महिन्यांचा येतो. अमुक जमिनीत, अमुक मात्रेत, अमुक वेळा असे सांगितल्याशिवाय त्याच्याविषयी केलेले कोणतेही ठाम विधान अर्धवट ठरते.

बोर्डो मिश्रण तर जुने आहे आणि सेंद्रिय शेतीतही चालते. त्याने काय बिघडणार?

माझ्या मते या विषयातला सर्वांत कमी विचारला जाणारा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना यांचे हे मिश्रण फ्रान्समधील बोर्दो भागात १८८० च्या दशकात द्राक्षावरील केवडा रोगासाठी रूढ झाले. रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून असा काहीतरी निळसर लेप मारलेला होता, आणि तेवढ्याच वेली केवड्यातून वाचल्या, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. आपल्याकडे नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांत छाटणीनंतर आणि कोकण-गोव्यात सुपारीच्या कोळे रोगावर ते आजही वापरतात.

कर्बाची बनलेली रसायने उशिरा का होईना, तुटतात. तांबे हे मूलद्रव्य आहे. त्याला कोणताही जिवाणू ‘कुजवू’ शकत नाही. हिशेब हातानेच करून पाहता येतो. एक टक्का बोर्डोसाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद पडतो आणि त्यात साधारण २५० ग्रॅम तांबे असते. एकरी ४०० लिटर फवारले तर एका फवारणीत १ किलो तांबे बागेत आले. वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन एकरी सुमारे ८ लाख किलो धरले, तर दर किलो मातीत सव्वा मिलिग्रॅमची भर पडली. एका फवारणीला हे नगण्य आहे. पण वर्षाला चार फवारण्या आणि बागेचे वय २० वर्षे असेल, तर तो आकडा १०० मिलिग्रॅमवर जातो. युरोपीय महासंघाने २०१९ पासून तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे एकरी वर्षाला सरासरी सुमारे १.६ किलो, अशी मर्यादा घातलेली आहे. वरच्या हिशेबाने दोन फवारण्यांतच ती ओलांडली जाते.

दख्खनच्या चुनखडीयुक्त, जास्त सामूच्या (पीएचच्या) काळ्या जमिनीत बरेचसे तांबे बांधले जाते आणि सूक्ष्मजीवांना त्याचा जाच कमी होतो. कोकणातल्या आम्लधर्मी मातीत ते अधिक मोकळे राहते, त्यामुळे सुपारीच्या बागेत तितकेच तांबे अधिक त्रासदायक ठरू शकते. जुन्या बागेच्या माती परीक्षणात तांब्याचे प्रमाण आवर्जून तपासून घ्यावे. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तपासणीत ते येतेच. आपण केवळ ते ‘कमी आहे का’ एवढेच पाहतो, ‘जास्त झाले आहे का’ हे पाहत नाही.

कीडनाशक मातीत किती दिवस टिकते?

रसायनागणिक आणि जमिनीगणिक यात फरक पडतो. डीडीटीचे अर्धायुष्य २ ते १५ वर्षे मानले जाते. शेतीतला त्याचा वापर भारतात १९८९ मध्ये बंद झाला, तरी त्याचे अवशेष अजून सापडतात. गव्हात वापरले जाणारे मेटसल्फ्युरॉन हे तणनाशक आम्लधर्मी जमिनीत पाण्यानेच लवकर तुटते, पण जास्त सामूच्या जमिनीत ते रेंगाळते आणि पुढच्या संवेदनशील पिकाला मार बसतो.

महाराष्ट्राच्या बाबतीत ओलावा विशेष महत्त्वाचा आहे. उष्णतेने विघटन वेगाने होते हे पुस्तकी विधान मराठवाड्यातल्या एप्रिलला लागू पडत नाही, कारण भेगाळलेल्या कोरड्या जमिनीत सूक्ष्मजीव निपचित पडलेले असतात. रब्बीत उरलेला अवशेष उन्हाळाभर जवळपास तसाच राहतो, आणि मृगाचा पाऊस पडून जीव जागे झाल्यावर त्याचे विघटन पुन्हा सुरू होते.

सूक्ष्मजीव स्वतःच कीडनाशके खातात, हे खरे आहे का?

होय. कटकच्या भात संशोधन संस्थेतले एन. सेतुनाथन यांनी योशिदा यांच्यासह १९७३ मध्ये फिलिपाइन्समधील भातखाचराच्या मातीतून डायझिनॉन व पॅराथिऑन ही कीटकनाशके तोडणारा जिवाणू मिळाल्याचे प्रसिद्ध केले. लिंडेन हे कीटकनाशक तोडणाऱ्या, उसाच्या मुळांजवळच्या मातीतून मिळालेल्या एका भारतीय जिवाणूला तर ‘स्फिंगोबियम इंडिकम’ असे नावच मिळाले.

यात एक गंमतही आहे. एकच रसायन दरवर्षी त्याच शेतात पडत राहिले, तर ते खाणारे जिवाणू तिथे इतके माजतात की पुढे ते रसायन किडीपर्यंत किंवा तणापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. मका व उसात वापरले जाणारे ॲट्राझिन आणि जमिनीत टाकले जाणारे कार्बोफ्युरॉन यांच्याबाबत हे अनेक देशांत नोंदवले गेले आहे. ‘औषधात आता दम राहिला नाही’ या तक्रारीमागे कधी भेसळ असते, कधी किडीची प्रतिकारशक्ती असते, आणि कधी मातीतले हे खवय्ये असतात.

जिथे कधीच फवारले नाही, अशा बांधावर, गायरानात किंवा देवराईत कीडनाशके पोहोचतात का?

पोहोचतात. वाऱ्याबरोबर उडणारे तुषार, नांगरटीची धूळ, पावसाचे वाहते पाणी आणि बाष्परूपाने वर जाऊन पुन्हा खाली येणारी रसायने, हे त्यांचे मार्ग आहेत. युरोपातल्या ३१७ शेतांच्या वरच्या थरातील मातीच्या २०१९ मधील अभ्यासात ८३ टक्के नमुन्यांत किमान एक अवशेष सापडला. स्वित्झर्लंडमधील १०० शेतांच्या २०२१ च्या अभ्यासात सेंद्रिय शेतांसह एकही शेत अवशेषमुक्त निघाले नाही. आणि अवशेषांची संख्या जिथे जास्त, तिथे सूक्ष्मजीवांचे वस्तुमान आणि मायकोरायझा कमी, असा संबंधही दिसला.

आपल्याकडचा सर्वांत जवळचा मार्ग मात्र याहून साधा आहे. फवारणी संपल्यावर पंप कुठे धुतला जातो, ते पाहावे. बहुधा विहिरीच्या कडेला, ओढ्याच्या काठावर किंवा बांधाच्या त्याच एका कोपऱ्यात, जिथे गवताचा हातभर रुंद पिवळा पट्टा कायमचा पडलेला असतो आणि रिकामी पाकिटे मातीत अर्धी रुतलेली असतात. शेतात एकरभर पसरणारी मात्रा तिथे चौरस मीटरभर जागेत वर्षानुवर्षे ओतली जाते.

न कसलेल्या जमिनीतले सूक्ष्मजीव शेतातल्यांपेक्षा अधिक नाजूक असतात का?

याचे सरळ उत्तर देता येत नाही. देवराईत किंवा जुन्या गवताळ जमिनीत नांगर लागलेला नसतो, बुरशीचे जाळे अखंड असते आणि सेंद्रिय कर्ब भरपूर असतो. हा कर्ब रसायनाला धरून ठेवतो, म्हणून धक्का सौम्य होतो. दुसरीकडे, तिथल्या जीवांचा त्या रसायनाशी कधी संबंध आलेला नसतो, त्यामुळे ते तोडणारे जिवाणू कमी असण्याची शक्यता असते. मुरमाड माळरानावर मातीचा थरच बोटभर असतो, कर्ब कमी असतो. तिथे बचावाचे हे साधनही नसते.

शेत आणि पडीक जमीन यांची तुलना करताना दिसणारा सगळा फरक कीडनाशकांच्या माथी मारू नये. नांगरट, रासायनिक खत, एकच पीक आणि उघडी पडलेली जमीन यांनीही सूक्ष्मजीव बदलतात, आणि नांगराचा फाळ बुरशीचे जाळे कोणत्याही रसायनाइतक्याच सहजपणे तोडतो.

बांधावर तणनाशक मारावे का?

मारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्लायफोसेटची भारतातली नोंदणी चहाचे मळे आणि बिगरपीक क्षेत्र यांच्यापुरती आहे, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर कीड नियंत्रण चालकांमार्फतच (पेस्ट कंट्रोल ऑपरेटर) करण्याचे बंधन घातले. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी, बांधावरचे गवत मेले की त्याची मुळे कुजतात, बांध पावसात फुटतो, आणि त्या मुळांवर जगणारी बुरशीही जाते. शेतात न नांगरलेली, मुळांनी सतत भरलेली अशी तेवढीच पट्टी उरलेली असते. विळ्याने गवत कापून जनावरांना घालणे मजुरीच्या दृष्टीने महाग पडते, हे मान्य आहे. तरी निदान एका बाजूचा बांध, विदर्भातल्या भाषेत धुरा, फवारणीतून सोडून द्यावा.

कडुनिंब किंवा इतर नैसर्गिक पदार्थ सूक्ष्मजीवांना निर्धोक असतात का?

सरसकट नाही. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे, आणि त्यामागचे एक कारण हेच आहे की कडुनिंब अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना रोखतो. येथे तो परिणाम आपल्याला हवा असतो, म्हणून आपण त्याला अपाय म्हणत नाही, इतकेच. स्ट्रेप्टोमायसिन तर १९४३ मध्ये सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्याच जिवाणूपासून मिळाले. डाळिंबाच्या तेल्या रोगावर तेच फवारले गेले, आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढण्याच्या भीतीने त्याच्या शेतीतील वापरावर बंदीचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये काढला.

आपल्या जमिनीतले सूक्ष्मजीव जिवंत आहेत, हे घरच्या घरी तपासता येईल का?

ढोबळमानाने येईल. जुन्या सुती धोतराचे हातरुमालाएवढे सारखे तुकडे करावेत. एक शेतात, एक बांधावर, एक पंप धुण्याच्या जागेजवळ, वीतभर खोल पुरावा आणि जागेवर खूण ठेवावी. पावसाळ्यात दोन महिन्यांनी काढल्यावर ज्या तुकड्याची जाळी झाली, तिथे कुजवणारे जीव कामावर आहेत. जो जवळजवळ धड निघाला, तिथे ते कमी पडत आहेत. पॉलिस्टर मिसळलेले कापड घेऊ नये, ते कुठेच कुजत नाही. पहिल्या पावसानंतर मातीला येणाऱ्या वासावर मात्र विसंबू नये. तो ॲक्टिनोमायसिटीजनी तयार केलेल्या जिओस्मिनचा असतो आणि बऱ्याच थकलेल्या जमिनीलाही येतो.

प्रयोगशाळेत डिहायड्रोजिनेज चाचणी करतात. मातीत एक रंगहीन द्रव्य मिसळून ती दिवसभर उबवतात. जिवंत पेशींच्या श्वसनाने त्या द्रव्याचा लाल रंग होतो. जमीन जितकी जागी, तितकी परीक्षानळी लाल.

फवारणी थांबवल्यावर जमीन किती दिवसांत सावरते?

एखाद्या फवारणीने आलेली घट ३० दिवसांत भरून निघाली तर ती दुष्काळ-पुरासारखी नैसर्गिक समजावी, ६० दिवस लागले तर सहन करण्याजोगी, आणि त्याहून जास्त लागले तर गंभीर, असा निकष संशोधक डॉम्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडला आणि तो आजही उपयोगी आहे. शेणखत, कंपोस्ट किंवा जागेवर ठेवलेले पाचट असेल तर सावरण्याचा वेग वाढतो, कारण सूक्ष्मजीवांना खाद्य मिळते आणि रसायनाला चिकटायला जागा मिळते. वर्षानुवर्षांच्या वापराचे प्रकरण निराळे आहे: वर सांगितलेल्या स्विस अभ्यासात २० वर्षे सेंद्रिय पद्धतीने कसलेल्या शेतांतही जुने अवशेष सापडले. तांबे तर आपल्या हयातीत जाणार नाही. त्याच्याबाबत हातात एवढेच असते की पुढच्या छाटणीला टाकीत किती मोरचूद पडतो, हे वहीत लिहून ठेवायला सुरुवात करावी.